सार्वजनिक जलतरण तलावासाठी डीपीडी गोळ्यांचा तपासणी संच : वापरानंतरचे परीक्षण

सार्वजनिक जलतरण तलावाच्या पाण्याची रोजची तपासणी ज्यांच्याकडे असते, त्यांच्यापुढे साधनांचे तीन-चार पर्याय असतात. पाणी पिवळे करणाऱ्या थेंबांची बाटली, पाण्यात बुडवून रंग पाहायच्या कागदी पट्ट्या, डीपीडी या क्लोरीनमुळे गुलाबी होणाऱ्या रसायनाच्या गोळ्या आणि रंगचकती असलेला संच, आणि या सर्वांहून महाग पण थेट आकडा दाखवणारे फोटोमीटर. यांपैकी गोळ्या आणि चकतीचा संच मी तलावाच्या देखभालीत दीर्घकाळ वापरत आलो आहे आणि हे परीक्षण त्याच प्रकारच्या संचाचे आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो : ज्या तलावात रोज अनोळखी माणसे, लहान मुले आणि वृद्ध एकाच पाण्यात उतरतात, त्या तलावावर निदान हा संच तरी असलाच पाहिजे. मात्र त्याच्या दोन मर्यादा अशा आहेत की, त्या ठाऊक नसतील तर हाच संच वापरणाऱ्याला धोकादायक रीतीने निर्धास्त करू शकतो.

पेटीत फारसे काही नसते. दोन नळ्या शेजारी-शेजारी बसतील असा कंपॅरेटर म्हणजे रंग जुळवून पाहायचे साधन, त्यात फिरवायच्या दोन रंगचकत्या (एक क्लोरीनसाठी, दुसरी पीएचसाठी, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणाऱ्या आकड्यासाठी), 10 मिलिलिटरची खूण असलेल्या नळ्या, गोळी चुरडण्यासाठी प्लास्टिकची कांडी आणि चंदेरी वेष्टनात बंद केलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. गोळ्या तीन प्रकारच्या असतात : डीपीडी क्रमांक 1, डीपीडी क्रमांक 3 आणि पीएचसाठी फिनॉल रेड. प्रत्येक गोळी स्वतंत्र कप्प्यात सीलबंद असल्यामुळे बोट न लावता ती थेट नळीत पाडता येते. ही सोय वाटते त्याहून महत्त्वाची आहे, कारण घामाचा किंवा एखाद्या रसायनाचा अंश बोटावर असला तरी रंग बदलू शकतो.

तपासणीची रीत अशी. नमुना पृष्ठभागावरून न घेता हात कोपरापर्यंत बुडवून आणि शुद्ध केलेले पाणी ज्या तोंडांतून तलावात परत येते त्यांच्यापासून दूर जाऊन घ्यावा. नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, तळाशी थोडेसेच पाणी ठेवून त्यात डीपीडी 1 ची गोळी टाकावी, कांडीने ती पूर्ण चुरडावी आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावे. पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळे असलेले क्लोरीन, असेल तर त्याच क्षणी गुलाबी रंग उमटतो आणि तो चकतीवरच्या रंगाशी लगेच जुळवावा लागतो. येथे रेंगाळून चालत नाही, कारण वेळ जाऊ दिला तर घामासारख्या घाणीशी आधीच जोडले गेलेले संयुक्त क्लोरीनही हळूहळू रंग देऊ लागते आणि मुक्त क्लोरीनचा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. यानंतर त्याच नळीत डीपीडी 3 ची गोळी टाकून दोन मिनिटे थांबले की एकूण क्लोरीन समजते. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की संयुक्त क्लोरीन मिळते.

या संचाचे खरे मोल याच वजाबाकीत आहे. तलावात टाकलेले क्लोरीन दोन कामांत खर्च होते. एक भाग जंतूंना मारतो, तर दुसरा भाग पोहणाऱ्यांच्या अंगावरून आलेला घाम, मूत्रातील युरिया आणि त्वचेवरचे इतर नत्रयुक्त पदार्थ यांच्याशी संयोग पावून क्लोरॅमाइन, म्हणजेच संयुक्त क्लोरीन, बनवतो. क्लोरॅमाइनची जंतुनाशक शक्ती फार कमी असते आणि त्रास मात्र बराच असतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, बंदिस्त तलावाच्या आवारात शिरताच खोकला येणे हे बहुतेक वेळा याच्यामुळे, विशेषतः नायट्रोजन ट्रायक्लोराइड या पाण्याबाहेर पडणाऱ्या वायूमुळे घडते. लोक ज्याला क्लोरीनचा वास म्हणतात तो बहुधा क्लोरॅमाइनचा असतो, त्यामुळे उग्र वास येणारा तलाव भरपूर निर्जंतुक केलेला आहे, हा समज नेमका उलटा ठरतो. वास तीव्र येत असेल तर पाण्यावर घाणीचा भार जास्त आहे आणि मुक्त क्लोरीन अपुरे पडत आहे अशी शंका घेतली पाहिजे, आणि ती शंका खरी की खोटी हे नाकाने ठरत नाही, क्रमांक 1 आणि क्रमांक 3 या दोन गोळ्यांनी ठरते.

पिवळ्या थेंबांच्या बाटलीवर माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. तिच्यातील ऑर्थोटोलिडीन प्रत्यक्ष वापरात एकूण क्लोरीनच दाखवते. पाण्यात 2 पीपीएम (1 पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम) एकूण क्लोरीन आहे आणि त्यातील जवळजवळ सगळे संयुक्त आहे, अशा तलावातही बाटलीतले पाणी छान पिवळे होते आणि तपासणी करणारा नोंदवहीत समाधानाने आकडा लिहितो. शिवाय ते रसायन कर्करोगास कारण ठरू शकते असा संशय असल्यामुळे अनेक ठिकाणी त्याचा वापर सोडून देण्यात आला आहे. डीपीडीची पद्धत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ए. टी. पालिन यांनी 1957 मध्ये मांडली आणि मुक्त व संयुक्त क्लोरीन वेगळे मोजता येणे हाच तिचा गाभा होता. इतक्या वर्षांनंतरही सार्वजनिक तलावावर जुन्या थेंबांच्या भरवशावर राहण्याचे काही कारण मला दिसत नाही. कागदी पट्ट्या घाईच्या वेळी अंदाज घ्यायला ठीक आहेत. मात्र डबीचे झाकण वारंवार उघडले की त्यांना दमट हवा लागते आणि मग त्यांच्या रंगांवर विसंबून डोस ठरवणे योग्य नाही.

आता पीएचकडे वळतो, कारण क्लोरीनचा आकडा त्याच्याशिवाय अपुरा आहे. पाण्यातील मुक्त क्लोरीन दोन रूपांत असते : हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पहिले रूप जंतूंना वेगाने मारते, तर दुसरे त्याच्या तुलनेत अगदीच मंद आहे. पीएच 7.2 असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन पहिल्या रूपात असते, 7.5 च्या आसपास जवळजवळ निम्मे उरते आणि पीएच 8 ला पोहोचले की साधारण पाव भागच शिल्लक राहतो. म्हणजे चकतीवर 2 पीपीएम तसेच दिसत असूनही पीएच वाढल्यामुळे निर्जंतुकीकरणाची शक्ती निम्म्याहून खाली गेलेली असू शकते. संचातील फिनॉल रेडची गोळी पाणी पिवळ्यापासून नारिंगीकडे आणि तेथून गडद लाल रंगाकडे नेते आणि तिचा आवाका 6.8 ते 8.4 असा आहे. तलावाचा पीएच 7.2 ते 7.8 या पट्ट्यात ठेवायचा असल्याने रोजच्या कामासाठी हा आवाका पुरतो. तरीही दोन्ही टोकांना सावध राहावे लागते, कारण पीएच 6 असला तरी गोळी पिवळाच रंग देते आणि वाचणारा 6.8 असे लिहून मोकळा होतो. रंग चकतीच्या अगदी टोकाशी जुळला तर तो आकडा न मानता ‘यापेक्षा कमी’ किंवा ‘यापेक्षा जास्त’ अशी नोंद करावी आणि इलेक्ट्रॉनिक मापकाने पुन्हा पाहावे.

संचाची पहिली गंभीर मर्यादा मात्र क्लोरीनच्या बाजूची आहे. पाण्यात क्लोरीन फार वाढले, साधारण 10 पीपीएमच्या पुढे गेले, तर डीपीडीचा गुलाबी रंग त्याच क्लोरीनमुळे उडून जातो. गोळी चुरडताना क्षणभर गुलाबी छटा दिसते आणि खुणेपर्यंत पाणी भरेस्तोवर नळी पांढरी स्वच्छ होते. रिकाम्या दिसणाऱ्या या नळीचा अर्थ नवखा माणूस ‘क्लोरीन शून्य’ असा घेतो आणि आधीच अतिरेक झालेल्या पाण्यात आणखी क्लोरीन टाकतो. रात्री मोठा डोस दिल्यानंतर सकाळी तलाव उघडण्यापूर्वी तपासणी होते, तेव्हा हा प्रसंग येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. उपाय सोपा आहे. शून्य आले आणि ते पटण्यासारखे नसेल, तर एक भाग नमुना आणि चार भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे. विरळ केलेल्या नमुन्यात रंग उमटला, तर आधीचे शून्य खोटे होते हे लगेच कळते. मी वापरलेल्या संचासोबतच्या माहितीपत्रकात ही बाब शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, एका वाक्यात उरकलेली होती. ती पेटीच्या झाकणावर ठळक छापायला हवी असे मला ठामपणे वाटते, कारण हा संच बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र शिकलेली माणसे वापरत नाहीत, जीवरक्षक आणि पंपचालक वापरतात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. उघड्यावरच्या तलावात उन्हाने क्लोरीन झपाट्याने नष्ट होऊ नये म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात, किंवा ट्रायक्लोर आणि डायक्लोर यांसारख्या क्लोरीन देणाऱ्या रसायनांतून ते आपोआप येते. ट्रायक्लोरने 10 पीपीएम क्लोरीन वाढवले की त्यासोबत सुमारे 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात जाते. क्लोरीन खर्च होत राहते, पण हे आम्ल जवळजवळ तसेच राहते आणि हंगामभर साठत जाते. ते क्लोरीनला धरून ठेवते, त्यामुळे क्लोरीन उन्हात टिकते खरे, पण त्याच प्रमाणात जंतूंवर मंद होते. डीपीडीची गोळी मात्र हे धरून ठेवलेले क्लोरीनही मुक्त म्हणूनच मोजते. सायन्युरिक आम्ल नसलेल्या तलावातील 2 पीपीएम आणि 100 पीपीएम आम्ल साठलेल्या तलावातील 2 पीपीएम, दोन्हींचा गुलाबी रंग अगदी सारखा असतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मुक्त क्लोरीनची किमान पातळी एरवी 1 पीपीएम आणि सायन्युरिक आम्ल वापरले जात असल्यास 2 पीपीएम अशी वेगवेगळी सांगितली आहे, ती याच कारणामुळे. माझ्या संचात सायन्युरिक आम्लाची चाचणी नव्हती. ती वेगळी घ्यावी लागली आणि ट्रायक्लोर वापरणाऱ्या प्रत्येक तलावाने ती घ्यावी असा माझा आग्रह आहे. त्या चाचणीत पाणी दुधाळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत राहायचे असते. आकडा वाढलेला आढळला तर कोणतेही रसायन उपयोगी पडत नाही, तलावातील काही पाणी काढून ताजे पाणी भरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्यामुळे अचूकतेलाही मर्यादा येते. माझ्याकडील चकतीवर 1 च्या पुढचे टप्पे अर्ध्या पीपीएमचे आहेत. मुक्त क्लोरीन 1.5 आहे की 2, एवढे ठरवायला ते पुरतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संयुक्त क्लोरीन मुक्त क्लोरीनच्या निम्म्याहून जास्त असू नये आणि शक्यतो 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत राहावे. अर्ध्या पीपीएमच्या टप्प्यांची दोन वाचने एकमेकांतून वजा करून 0.2 ची खातरजमा होणे शक्य नाही. संयुक्त क्लोरीन वाढत चालले आहे का, हे संच सांगतो. ते नेमके किती आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी थेंब मोजत रंग घालवायची एफएएस-डीपीडी चाचणी किंवा फोटोमीटर लागते. पहिलीचा आणखी एक फायदा असा की, ती जास्त क्लोरीनलाही डगमगत नाही आणि रंगांधळ्या माणसालाही तुलनेने सहज करता येते. ज्या बंदिस्त तलावांवर शिकाऊ मुलांच्या तुकड्या दिवसभर पोहत असतात, तेथे मी गोळ्यांच्या संचाऐवजी फोटोमीटरच सुचवेन. इतरत्र गोळ्यांचा संच रोजच्या कामाला पुरतो, फक्त रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात न धरता, शक्यतो एकाच माणसाने वाचावा. पिवळट दिव्याखाली गुलाबी आणि लाल या दोन्ही छटा फसवतात.

वापरातील एक बारकावा मात्र कोणत्याही पत्रकात मला पुरेशा जोराने लिहिलेला आढळला नाही. डीपीडी 3 च्या गोळीत पोटॅशियम आयोडाइड असते आणि संयुक्त क्लोरीनकडून रंग उमटवून घेण्याचे काम तेच करते. नळी किंवा कांडी नीट न धुता पुढची तपासणी केली, तर त्याचा उरलेला अंश पुढच्या नमुन्यातील संयुक्त क्लोरीनलाही पहिल्याच गोळीत रंग देतो. मग मुक्त क्लोरीन भरपूर आणि संयुक्त जवळजवळ शून्य असे अतिशय समाधानकारक आणि पूर्णपणे चुकीचे चित्र उभे राहते. म्हणून मुक्त आणि एकूण क्लोरीनसाठी वेगळ्या कांड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी नळी तलावाच्याच पाण्याने भरपूर विसळावी. संच बनवणाऱ्यांनी दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या दिल्या, तर ही चूक जवळजवळ नाहीशी होईल.

या संचाकडून जे काम अपेक्षितच नाही, त्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण नोंदवहीतील सुंदर आकड्यांवर विसंबून तलाव सुरक्षित मानला जातो. 1 पीपीएम मुक्त क्लोरीन आणि 7.5 पीएच असलेल्या पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू एका मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए च्या विषाणूला सुमारे 16 मिनिटे लागतात आणि जिआर्डिया या परजीवीला 45. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. त्याचे कोष अवघ्या 4 ते 6 मायक्रॉनचे असल्यामुळे वाळूच्या साध्या फिल्टरमधूनही ते सहज निसटतात. म्हणून तलावात जुलाबाची घटना घडली, तर नेहमीची पातळी कामाची नाही. सीडीसीच्या पद्धतीनुसार सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात 20 पीपीएम क्लोरीन 12.75 तास टिकवावे लागते. या पातळीवर संचाची गोळी थेट वापरली तर रंग उडून जाणार, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे अशा दिवशी विरळ करून वाचण्याची सवय असलेला माणूस हजर असणे आवश्यक आहे. घट्ट मलाच्या घटनेत मात्र 2 पीपीएम आणि 7.5 किंवा त्याहून कमी पीएच 25 मिनिटे राखणे पुरते, आणि तेथे हा संच उत्तम काम देतो. दोन्ही वेळी पोहणाऱ्यांना आधी बाहेर काढायचे आणि मल काढून टाकायचा, हे अर्थातच पहिले.

पाण्याच्या पारदर्शकतेबद्दलही संच मूक आहे. सर्वांत खोल भागातील जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर क्लोरीन कितीही योग्य असले तरी तलाव बंद ठेवावा, कारण तळाशी गेलेले मूल जीवरक्षकाला दिसणार नाही. गढूळपणाचे मूळ बहुधा फिल्टरमध्ये असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला तरी बॅकवॉश (पाणी उलटे सोडून फिल्टर धुणे) न करणे, वाळू वर्षानुवर्षे न बदलणे, रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवणे यांची भरपाई कोणत्याही गोळीने होत नाही. पोहण्यापूर्वी प्रत्येकाने मिनिटभर अंग नीट धुतले, तर क्लोरॅमाइन बनवणारा बराचसा मळ तलावात जातच नाही, आणि संयुक्त क्लोरीनचा आकडा खाली आणण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. शॉवरचे बंधन पाळायला लावणारा कर्मचारी दारात असला, तर चकतीवरचे संयुक्त क्लोरीन खरोखर उतरलेले दिसते.

आल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आणि कॅल्शियमचा कठीणपणा यांच्या गोळ्या काही संचांत जास्तीच्या मिळतात. त्या रोज लागत नाहीत, आठवड्यातून एकदा पुरेत. आल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम या पट्ट्याच्या खाली गेली की पीएच दिवसागणिक वर-खाली होऊ लागतो आणि मग आम्लाचे व सोड्याचे डोस एकमेकांचा पाठलाग करत राहतात. एवढ्यासाठी ती चाचणी जवळ असावी.

तपासणी किती वेळा करावी, हे संचाच्या पेटीवर ‘दररोज’ इतकेच लिहिलेले असते. सार्वजनिक तलावासाठी ते फारच थोडे आहे. उघडण्यापूर्वी एकदा आणि गर्दीच्या काळात दर एक-दोन तासांनी, अशी रीत ठेवली तरच भर दुपारी दोन तुकड्या एकदम उतरल्यावर मुक्त क्लोरीन किती झपाट्याने घसरते ते दिसते. याचा अर्थ गोळ्या भराभर संपतात. खरेदी करताना पेटीपेक्षा सुट्या गोळ्या नियमित मिळतील की नाही, याची चौकशी आधी करावी. वेष्टनावरची मुदत पाहावी, ठिसूळ झालेली किंवा रंग बदललेली गोळी वापरू नये, आणि संच क्लोरीनच्या पिंपांच्या खोलीत कधीही ठेवू नये. तेथील वाफांनी गोळ्या आणि चकती दोन्ही खराब होतात. पुढे फोटोमीटर घेतलेत, तर शिल्लक राहिलेल्या गोळ्या त्यात वापरू नका. कंपॅरेटरसाठीच्या लवकर विरघळणाऱ्या गोळ्या पाण्यात किंचित गढूळपणा सोडतात. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण फोटोमीटर त्यालाही रंग समजून मोजतो. म्हणून दोन्हींची वेष्टने वेगवेगळ्या डब्यांत, ठळक नाव लिहूनच ठेवावीत.